ज्याची माती त्याचं माळवद

मी भांडखोर होतो. म्हातारपणी लिहायला बसलं की माणसं स्वतःला धुऊन-पुसून ओट्यावर मांडतात. मला ते जमायचं नाही. मी तांबट. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर लाकडी मोगरी मारून घागरी-हंडे करायचे आणि संध्याकाळी हात आवरायचा, हे बाकीच्या तांबटांना साधत होतं, मला कधी साधलं नाही. बाजारात कुणी घागरीला टिचकी मारून "पातळ हाय" म्हटलं तरी माझ्या बाह्या वर जायच्या. बायकोवरही दोनदा हात टाकला. दोन्ही वेळा चूक माझी होती आणि दोन्ही वेळा ती एक शब्द न बोलता चुलीपाशी जाऊन बसली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी मालकाला पोटभर शिव्या देणार आहे, तेव्हा मी कुणी साधुसंत होतो असं कुणाला वाटायला नको.

निजामाच्या अमलातली, मोठ्या लढाईच्या आसपासची ही गोष्ट. बीडला बिंदुसरेच्या अंगाला एका अरुंद गल्लीत सहा खोल्यांची सलग ओळ होती. तिसरी खोली आमची. भिंती मातीच्या आणि वर माळवद. माळवद म्हणजे भिंतीवर जाड लाकडी सर आडवे टाकायचे, त्यांवर बारक्या फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर हातभर मातीचा थर. झालं छत. धूर जायला मध्ये एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. ह्या छताला दर उन्हाळ्यात वरून पांढरी टाकावी लागते. पांढरी ही जुन्या पडक्या गढीची चिकण माती, ती पाणी खाली उतरू देत नाही. पण ती टाकण्याआधी जुना थर खरवडून काढायचा असतो, नाहीतर वजन सालोसाल चढत जातं आणि सर वाकतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

ह्या पांढरीला एक रीत चिकटलेली होती. घरावरून तंटा लागला आणि कागद नसले की पंच एकच गोष्ट विचारायचे: माळवदावर माती कोण टाकतं? ज्याची माती त्याचं माळवद, आणि ज्याचं माळवद त्याचं घर. आमच्या मालकाच्या बापाची एक अख्खी पडवी ह्या रीतीत गेली होती. तिथल्या भाडेकरूनं "तुमाला कशाला तरास" म्हणत पाच-सहा उन्हाळे स्वतः माती टाकली आणि एके दिवशी पंचांपुढं उभा राहून "पडवी माझी" म्हणाला. पंचांनी ती त्याचीच ठरवली. त्या दिवसापासून त्या घराण्यानं धसका घेतला होता. आमच्या मालकाची एकच अट असायची: काही झालं तरी भाडेकरूनं माळवदावर मातीची चिमूटसुद्धा टाकायची नाही, मी टाकीन. आणि तो टाकायचा नाही.

मालक वडवणीकडचा. शेती तिकडं, खोल्या इकडं. आठ-पंधरा दिवसांनी बाजाराला बैलांच्या दमणीतून यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली बसायचा. बोलायला इतका गोड की त्याच्या तोंडावर माशा बसाव्यात.

"मालक, चार जागी गळतंय. सराला वाळवी लागलीय. हात लावला की पीठ पडतं," मी सांगायचो.

"व्हय की, बाबा. मी बघितलंय की. नारायणगडाची यात्रा हून जाऊ दे, मंग लगीच."

यात्रा झाली की पेरणी आडवी यायची. पेरणी झाली की पोळा. पोळा झाला की पितृपंधरवडा, त्यात लाकडाला हात लावत नाहीत म्हणे. ते सगळं टळलं की मग खास ठेवणीतलं कारण बाहेर यायचं: "मळ्यात लिंब पाडलाय तुमच्यासाठीच. वाळू तर द्या. वल्लं लाकूड घालून तुमाला मारू का मी?" चार वर्षं तो लिंब वाळत होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी आमच्या सराला. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. व्हय म्हणणाऱ्याशी भांडायला जाल तर लोक तुम्हालाच येडं म्हणतात. त्याच्या तोंडून चार वर्षांत एकदा जरी "नाही" निघालं असतं तरी मी त्याचे पाय धरले असते.

त्याच्या वाटचा कडवटपणा कारभाऱ्याकडं दिलेला होता. कारभारी गल्लीतच राहायचा. मोठ्या मिशा, आखूड मान, हातात कायम वेळूची काठी. मालक नसताना आम्ही काही बोललो की तो म्हणायचा, "मालकाचं माळवद हाय, मालक बघंल. तुला कावून कळ निघाली बे?"

आमच्या शेजारच्या खोलीत कापूस पिंजणारा एक पिंजारी राहायचा. वयानं माझ्या बापासारखा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. दिवसभर त्याच्या पिंजणाचा तुण-तुण आणि माझ्या मोगरीचा ठक-ठक, असं आमचं दोघांचं भजन चालायचं. एका पावसाळ्यात त्याच्या खोलीत इतकं गळलं की कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाच्या गाद्यांचा सगळा कापूस भिजून काळा पडला. चाचा तो ओला गोळा हातात घेऊन कारभाऱ्यापुढं गेला. भांडायला नाही, दाखवायला. कारभाऱ्यानं गोळा उडवून लावला, चाचाच्या खोलीत शिरला आणि भिंतीला टेकवलेल्या पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर पाय दिला. तात तुटली, तिचं टोक चाचाच्या गालावर सपकन बसलं आणि गाल फाटला. "आता गळू दे," कारभारी म्हणाला, "आता भिजायला काय ऱ्हायलंय?"

मी दारातच होतो. हातात मोगरी होती ती सरळ त्याच्या तोंडावर फेकली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि खोटं कशाला सांगू, कानाला गोड लागला. चौथ्या दिवशी बाजारातून येताना त्याच्या दोन माणसांनी मला ओढ्यात पाडून तुडवलं. दोन फासळ्या गेल्या. महिनाभर मला मोठ्यानं हसता येत नव्हतं. तसंही हसण्यासारखं काही चाललेलं नव्हतं. मालकानं लिंबाखाली बसून मान हलवली. "बाबा, असं मारामारी करून कुठं काम व्हतं व्हय? आता माझं मनच उतरलं बघ." म्हणजे माझ्या एका मोगरीपायी सहाही खोल्यांची डागडुजी आणखी मागं गेली. चाचा मला एका शब्दानं बोलला नाही. बाकीच्या बिऱ्हाडांनी मात्र बोलायचं काही बाकी ठेवलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी बायको बाळंत झाली. आमची आधीची दोन दगावली होती, एक आठ दिवसांचं होऊन, एक पोटातच. ह्या खेपेला तिनं नऊ महिने जीव मुठीत धरून काढले. सुईण सांगेल ते पाळलं, सांगितलं नाही तेही पाळलं. कपिलधारला जाऊन नवस बोलली. श्रावणातल्या झडीत मुलगी झाली. लहानशी, पण रडायला खणखणीत. माझ्यावर गेली म्हणून सुईण हसली. मी चाळिशीला टेकलेला माणूस, त्या पोरीचं रडणं ऐकून भिंतीकडं तोंड करून रडलो. ही जगावी एवढंच मला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाजेच्या बरोबर वर सराला लांबच लांब चीर गेली. आवाज झाला तो सुकी फांदी मोडल्यासारखा. वरून वाळवीचं पीठ बायकोच्या केसांवर पडलं. तिनं मुलीवर हात आडवा धरला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी आणि चाचानं मिळून बाभळीचा एक टेकू सराखाली ठोकून बसवला. मग मी तसाच लिंबाखाली गेलो. बाजाराचा दिवस होता, मालक बसलेला होता. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. खरंच ठेवलं. "मालक, बाळंतीण हाय खाली. सर फाटलाय. आज सुतार धाडा."

"अरं बाबा, सुतार आज यील. पर सोयराच्या खोलीत कोन सुतार पाय ठिवील? बारावा हू दे. तेराव्या दिवशी माझा सुतार तुझ्या दारात उभा ऱ्हाईल."

आणि ह्या वेळी ते कारण खोटंही नव्हतं. सोयरात, म्हणजे बाळंतपणाच्या विटाळात, कुणी कारागीर खोलीत शिरत नाही. बाळंतिणीनं बारा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, आणि सोयर असलेल्या बाईला दुसरं घर आत घेत नाही. मालकानं चार वर्षं हवी ती कारणं वेचली होती, शेवटी आमच्याच धर्मानं त्याच्या हातात एक पक्कं कारण दिलं.

एक घर मात्र घ्यायला तयार होतं. चाचाची बायको संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. "बेटी को मेरे घर ला," ती म्हणाली, "मेरा सर अच्छा है. हमारे में ये सोयर-बियर कुछ नहीं." बायको लगेच उठून बसली. "जाऊ या," ती मला म्हणाली. "लेकरू वाचंल. लोकायचं काय हो?"

मी नाही म्हणालो. माझी बाळंतीण पिंजाऱ्याच्या घरात बारा दिवस, तांबटआळी काय म्हणेल? ज्या माणसासाठी मी दुसऱ्याचं नाक फोडलं होतं त्याच्या घरात माझी बायको पाठवायला मला लाज वाटली. आज हे लिहिताना त्या लाजेची मला इतकी लाज वाटते की लेखणी बाजूला ठेवून मघाशी बराच वेळ बसून होतो.

पाचवीची पूजा झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झड थांबली, लख्ख उघाड पडली. आदल्या रात्री सवण्यातून पाणी थेट बाजेवर आलं होतं आणि बायको मुलीला छातीशी धरून बसून राहिली होती. माझं डोकं सकाळपासूनच ठिकाणावर नव्हतं. मी ठरवलं, आता मालक गेला खड्ड्यात. मी माती टाकणार. गळती थांबेल हे एक, आणि मालकाच्या काळजात चर्र होईल हे दुसरं. ह्या दोहोंतलं पहिलं कुठलं होतं हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. दुसरं पहिलं होतं.

कुंभाराची पाच गाढवं घेतली. सहावं मी. गढीची पांढरी खोऱ्यानं खणून दारापुढं ढीग घातला. ती आठ दिवसांच्या पावसानं भिजून दगडासारखी जड झालेली होती. चाचा बाहेर आला, ढिगाकडं पाहिलं, वर पाहिलं.

"पयले जुनी माटी निकाल रे बाबा," तो म्हणाला. "सर फाटेला है. नवी उसके उपर मत डाल."

"टेकू दिलाय की, चाचा."

"टेकू की जमीन गीली है."

त्याचं बरोबर होतं. जुना थर खरवडायला दोन दिवस गेले असते. पण कारभारी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून माझ्याकडं पाहत होता. मोडक्या नाकाचा, काठी टेकवून. दोन दिवस खाली-वर करत खरवडत बसलो तर तो मला तेवढ्यात उतरवणार. मला आजच, ह्याच घटकेला, त्याच्या डोळ्यांदेखत मालकाचं माळवद माझं करायचं होतं. मी पहिली टोपली डोक्यावर घेतली आणि शिडी चढलो.

दहाएक टोपल्या होईस्तोवर कारभारी नुसता शिव्या देत होता. माझ्या आईच्या, आजीच्या, मागच्या सात पिढ्यांच्या. मी प्रत्येक शिवीला एक टोपली ओतत होतो. गल्लीत माणसं जमली. कुणी हसत होतं, कुणी "टाक, टाक" म्हणत होतं. मला नशा चढली. दारूची काय चढेल अशी.

वीस-पंचवीस टोपल्यांनंतर सवण्यातून खालून बायकोची हाक आली. "अहो, सर बोलाया लागलाय. बास करा आता."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. खाली गल्लीत कारभारी हसला आणि म्हणाला, "ऐक बायकूचं, उतर!" आणि मी उतरलो तो आणखी एक टोपली आणायला. तीही टाकली. त्यानंतर आणखी किती टाकल्या ते मला माहीत नाही.

मग कारभारी शिडी चढून वर आला. त्यानं काठी घातली ती माझ्या कानशिलावर बसली. मी फावडं फिरवलं, ते त्याच्या खांद्यात रुतलं आणि रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. आम्ही एकमेकांना धरलं. दोन धिप्पाड माणसं, ओल्या मातीच्या ढिगावर, फाटक्या सराच्या बरोबर डोक्यावर, पाय रोवून झोंबत होतो. मी त्याचा कान दातांत धरला होता. त्याचा अंगठा माझ्या डोळ्यात होता. खालून बायको ओरडत होती आणि मला ते त्याच्या किंचाळण्याइतकंच गोड लागत होतं, कारण त्या वेळी कुठला आवाज कुणाचा हेच मला कळत नव्हतं. मग पाय खाली गेले.

पडलो तेव्हा काही दिसलं नाही. धूळ, पाणी, तोंडात माती. मी मातीच्या ढिगाच्या वर होतो. आमच्या खाली सर होता आणि सराच्या खाली बाज. कारभारी माझ्याशेजारी कण्हत होता, त्याचा पाय गुडघ्यापासून उलटा वळला होता. आणि मी काय केलं? मी त्याच्या नरड्याला हात घातला. माझी बायको, माझं सहा दिवसांचं लेकरू हातभर मातीखाली होतं आणि मी त्यावर गुडघे टेकून दुसऱ्याचा गळा दाबत होतो. तो सुटेल म्हणून दुसरा हातही लावत होतो.

चाचा खचलेल्या भिंतीच्या भगदाडातून आत आला. त्यानं माझ्या थोबाडीत मारली. एक नाही, चार-पाच. "पयले बाई को निकाल, हरामजादे!" तो रडत ओरडला. "फिर मार उसको!"

तेव्हा मी उकरायला लागलो. चाचा, त्याची बायको, मी, मग गल्लीतले बाकीचे. नखं मुळापासून निघाली ती दुसऱ्या दिवशी दिसली. आधी बायकोचा हात सापडला, कोपरातून मोडलेला. बाज एका अंगानं तिरकी झाल्यामुळं तिचं डोकं मोकळं राहिलं होतं. ती शुद्धीत होती. ओरडत नव्हती. "हितं, हितं," एवढंच म्हणत होती आणि आपल्या कुशीखालची माती दाखवत होती. मुलगी तिथं होती. अंग गरम होतं. चाचाच्या बायकोनं तिच्या नाकातोंडातली माती बोटानं काढली, उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. बराच वेळ ती तसं करत राहिली. थांब म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मी कारभाऱ्याच्या गळ्याला धरून जो वेळ घालवला तो किती होता, हे मी पुष्कळदा मनात मोजून पाहिलं आहे. शंभर आकडे व्हावेत एवढा असेल. तेवढ्यात ती श्वास घेत होती की नव्हती हे सांगणारं कुणी नाही. बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळं तिला नावही नव्हतं. नदीच्या अंगाला एका लिंबाखाली तिला पुरली.

बायकोला चाचाच्या घरात नेलं. त्या दिवशी तांबटआळीतलं कुणी काही म्हणालं नाही.

सरकारी अमीन, म्हणजे फौजदार, येऊन पाहून गेला. लेकरू दगावलं म्हणजे कुणावर तरी ठपका येणार हे उघड होतं, आणि आधी घर कुणाचं ते पंचांनी ठरवून सांगावं असं तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पंच बसले. मालक आला. बाजाराचा दिवस नसतानाही आला. तो माझ्याकडं पाहून नाही, पंचांकडं पाहून बोलला, आणि त्याच गोड आवाजात बोलला.

"पंचहो, रीत तुमचीच हाय. माती कुनी टाकली? ह्यानं. सगळ्या गल्लीनं बघितलंय. मंग माळवद कुनाचं झालं? ह्याचं. ह्याचं माळवद ह्याच्या लेकरावर पडलं, त्याला मी गरीब काय करू? खोली आजपून ह्याची. मला तिचं कायबी नको."

ज्या रीतीच्या भीतीनं त्या माणसानं चार वर्षं आमच्या डोक्यावर कुजकं लाकूड ठेवलं, तीच रीत तो आता ढालीसारखी पुढं धरून उभा होता. मी झेप घेतली. त्याचं पागोटं उडालं, मी त्याला जमिनीवर पाडून त्याचं तोंड धुळीत घासलं, दातांचा कच्चकन आवाज झाला. त्याच्या गड्यांनी मला ओढून काढलं आणि काठ्यांनी बडवलं. माझेही दोन दात तिथंच पडले. पंच बसल्या जागी "अरे, अरे" करत होते. शेवटी दोघांनी माझे हात पाठीमागं बांधून मला पंचांपुढं बसवलं आणि थोरल्या पंचानं विचारलं, "खरं सांग. माती तुझी का न्हाई?"

मला कळत होतं ते काय विचारत आहेत. माझी म्हटलं तर खोली माझी आणि लेकराचा मृत्यूही माझा. मालकाच्या हुकमानं टाकली म्हटलं, तर गल्लीतली निम्मी माणसं माझ्या बाजूनं खोटं बोलायला तयार होती. डोळ्यांनी खुणावत होती. मालक सुटता कामा नये असं सगळ्यांनाच वाटत होतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही शपथेवर सांगता यायचं नाही.

तेवढ्यात चाचाच्या दारातून बायको बाहेर आली. नवव्या दिवसाची बाळंतीण, हात गळ्यात बांधलेला, लुगड्याला अजून माती. उंबरा ओलांडून सरळ पंचांपुढं येऊन उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"माती ह्यांचीच हाय," ती म्हणाली. "मी खाली पडून आईकत व्हते. सर कुरकुरला तवा मी हाक मारली, बास करा म्हणलं. ह्यांनी आईकलं. आईकून आनखी टाकली."

तिनं मालकाकडं तोंड वळवलं. "तुमी चार वर्सं सर दिला न्हाई. ते बी लिवा म्हणावं." मग ती आली तशी आत गेली. पंचांनी पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्याला, ते म्हणाले, रीतीत जागा नाही.

मालक सुटला. ठपका माझ्यावर आला, पण स्वतःचंच लेकरू गेलेलं पाहून अमीनानं मला तुरुंगात घातलं नाही. महिना उलटायच्या आत त्याच्या मळ्यातून गाडी आली, गाडीत लिंबाचे पाच सर. वाळलेले, तासलेले, दोन-तीन वर्षं तयार पडून असावेत असे. चाचाची खोली, पलीकडची, सगळ्यांची माळवदं नवी झाली. आमची तेवढी उघडी राहिली, कारण ती त्याची नव्हती. कारभारी लंगडा झाला आणि नंतर माझ्या वाटेला कधी गेला नाही. मीही त्याच्या गेलो नाही. माझ्यातली मारामारी त्या दिवशी संपली, पण त्यात माझं कौतुक काही नाही. हात उचलला की मला ओल्या मातीचा वास यायचा.

दिवाळीच्या सुमारास मी स्वतः सर आणला, भिंती बांधल्या. बायकोचा डावा हात वाकडाच राहिला होता, ती उजव्या हातानं मातीचा गारा कालवत होती. मला तिच्याकडं पाहवेना. मी म्हणालो, "आपून इथं कशाला ऱ्हायचं? गेवराईला माझा चुलतभाऊ हाय. ही खोली टाकून देऊ."

तिनं काम थांबवलं नाही. कालवता कालवताच म्हणाली, "लेकरू दिऊन घेतलीय ही. आता कुठं जाता? आपलीच हाय."

पुढची एकोणीस वर्षं, ती जाईपर्यंत, आम्ही तिथंच राहिलो.